ऐकणारं कोणी नसताना पेटी कशासाठी उघडायची

देवगडच्या एका मुलाने मला लांबलचक मेसेज केलाय. वय एकोणतीस, दिवसा इलेक्ट्रिकच्या दुकानात असतो आणि रात्री जेवणं झाली की माडीवर लॅपटॉप घेऊन गाणी बनवतो, स्वतःच लिहितो, स्वतःच गातो. चार वर्षांत ४१ गाणी केली आणि प्रत्येकावर साठ-सत्तर व्ह्यूज, फार झालं तर शंभर. आता लॅपटॉप उघडायचाच कंटाळा येतो म्हणतो. त्याचा प्रश्न असा, की काका, यश येणारच नसेल तर करायचं कशाला, आणि करावंसं तर अजून वाटतं, मग पूर्वीची मजा परत कशी आणायची?

बाळा, मी पेटीवाला, म्हंजे हार्मोनियम वाजवणारा. अकराव्या वर्षी पेटीला हात लावला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, शाळामास्तर म्हणून रिटायर झालो, नोकरी लागायच्या आधी चार सीझन दशावतारात पेटी धरली आणि भजनात तर अजून वाजवतोच. चाली पण बांधल्यात, किती ते मोजलं नाही. तुला मी असं अजिबात सांगणार नाही की यशाचा विचार सोड, कारण हे सांगणारी माणसं मला लहानपणापासून भेटली आणि एकाचाही मला काडीचा उपयोग झाला नाही. आपण केलेलं कोणीतरी ऐकावं असं वाटणं यात चूक काय आहे, माणूस रिकाम्या घरात पण हाक मारून बघतो. तुझं जे बिघडलंय ते वेगळ्या जागी बिघडलंय असं मला वाटतं आणि ते मला वाटतं कारण माझं तिथेच बिघडलं होतं.

तेव्हा कॅसेटचा जमाना होता, नव्वदचं दशक. आमच्या भागातल्या एका बुवांची भजनाची कॅसेट मुंबईच्या एका कंपनीने काढली, त्यात सहा चाली माझ्या होत्या. सहाच्या सहा मी शाळा सुटल्यावर पडवीत बसून बांधलेल्या, एका गजराच्या चालीला तर मला अख्खा मे महिना लागला होता कारण दुसऱ्या ओळीवरून परत धृपदावर येताना काहीतरी खटकायचं आणि ते काय खटकतंय हेच कळत नव्हतं. कॅसेट आली, मी कणकवलीच्या स्टँडवरून विकत घेतली आणि एसटीतच कव्हर उघडून वाचलं, तर संगीत म्हणून भलत्याच माणसाचं नाव. माझं नाव पेटी म्हणूनसुद्धा नाही. बुवांना विचारलं तर ते म्हणाले कंपनीने केलं, कंपनीला पत्र टाकलं त्याचं उत्तर आलं नाही. घरी आलो, पेटी कापडात बांधली आणि कॉटखाली सरकवली. दीड वर्ष काढली नाही. आणि हे नीट ऐक, त्या दीड वर्षात मी सगळ्यांना सांगत होतो की मला आता संगीतात रसच राहिला नाही, आणि मला स्वतःला पण ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

मग चतुर्थी आली. आमच्या वाडीत गणपतीत घरोघर आरत्या आणि भजन करत फिरायची पद्धत, तुझ्याकडे पण असेलच. त्या वर्षी मंडळाचा पेटीवाला तापाने पडला, तर आदल्या संध्याकाळी वाडीतली तीन पोरं दारात येऊन उभी, "मास्तरांनू, पेटी होई." नाही कसं म्हणणार, देवाचं काम. पेटी कॉटखालून ओढली आणि उघडली तर काय बघतो, दोन पावसाळे खाल्लेली पेटी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवा अशी की भिंतीवरच्या कॅलेंडरला बुरशी येते, पेटीचं काय होणार. भात्याच्या कातड्यावर पांढरी बुरशी, लाकूड फुगून सात-आठ पट्ट्या खाली जाऊन तिथेच बसलेल्या, आणि आतले पितळेचे सूर, म्हंजे हवेने ज्यांच्या जिभा थरथरून आवाज निघतो ते, कळंकलेले, हिरवे. वाजवून बघितली तर निम्मी पेटी गप्प आणि निम्मी खोकतेय.

तेवढ्यात लाईट गेले. बायकोने टॉर्च धरला आणि मी स्क्रू काढायला बसलो. साडेतीन सप्तकांची पेटी, ४२ पट्ट्या, डबल सूर म्हंजे आत ८४ सूर. एकेक सूर कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून जीभ हलकेच उचलून बघायची, फुंकून ऐकायचं. उतरला असेल तर जिभेच्या टोकाकडे अगदी किंचित खरवडायचं म्हंजे सूर चढतो, चढला असेल तर मुळाकडे खरवडायचं म्हंजे उतरतो, आणि जास्त खरवडलं तर सूर गेला, परत येत नाही. काळी दोनचा रिषभ पहिल्यांदा मोकळा झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी तो एकच स्वर धरून बसलो. बाहेर पाऊस, कौलांवरून पागोळ्या, आणि तो एक स्वर सरळ, न हलणारा. मग त्याच्या शेजारचा षड्ज. दोन्ही मिळून लावले. बायको म्हणाली हात दुखतोय, टॉर्च धर तुझा तू, मग मी टॉर्च तोंडात धरला आणि पहाटे साडेतीनपर्यंत ८४ सूर पुरे केले.

दुसऱ्या दिवशी एकवीस घरं फिरलो. कोणी म्हणालं नाही की वा मास्तर, बऱ्याच दिवसांनी. आरतीत पेटीकडे कोण लक्ष देतं, लोकांचं लक्ष देवाकडे आणि पोरांचं लक्ष करंज्यांकडे. पण मी जे दीड वर्ष सगळ्यांना सांगत होतो ते खोटं निघालं होतं. माझा रस गेला नव्हता. मला राग आला होता, आणि तो राग मी पेटीवर काढला होता जिने काहीच केलं नव्हतं. दोन वेगळ्या गोष्टी एकाच कापडात बांधून कॉटखाली सरकवल्या होत्या. तुझंही असंच काहीतरी आहे का बघ. लॅपटॉप उघडायचा कंटाळा येतो म्हणतोस, तर तो कंटाळा गाणं बनवण्याचा आहे की गाणं टाकल्यावर तीन दिवस आकडा बघत बसण्याचा आहे? ४१ वेळा तो आकडा बघितलायस तू. आता लॅपटॉपचं झाकण दिसलं तरी मनाला आधी तो आकडाच दिसत असणार.

याच्यावर एक जुना प्रयोग आहे, मी मास्तर असताना एका प्रशिक्षणात वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली छापला, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. ज्या पोरांना मुळातच चित्रं काढायला आवडतात अशी पोरं निवडली, त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर तुला रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही पण चित्र काढून झाल्यावर अचानक तेच सर्टिफिकेट दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग काही दिवसांनी ते रंगीत पेन नुसते वर्गात ठेवून दिले आणि कोण आपणहून किती वेळ चित्र काढतं ते गुपचूप बघितलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. म्हंजे जे काम ती आधी फुकट, आनंदाने करत होती तेच आता बक्षिसाचं काम झालं, आणि बक्षीस नाही तर काम कशाला. पण गंमत दुसऱ्या गटाची आहे. ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काहीच बिघडलं नाही.

मला हे वाचून दशावतारातली एक रात्र आठवली. जत्रा होती, पहाटेचे चार वाजले असतील, थंडी पडलेली, राजा बाकड्यावर उभा राहून पद म्हणतोय आणि मधेच शब्द विसरला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, सगळं तिथल्या तिथे उभं राहतं, त्यामुळे नट अडकला की त्याला बाहेर काढायचं काम पेटीवाल्याचं आणि मृदंगवाल्याचं. मी पंचम धरून ठेवला, त्याच्या आधीच्या ओळीची शेपटी दोनदा वाजवली, मृदंगवाल्याने एक आवर्तन नुसतं भरलं, तेवढ्यात राजाला शब्द सापडले आणि तो असा काही सुटला की लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात राजाला. दहीकाला झाल्यावर मी पेटी बांधत होतो तर घोंगडी पांघरलेला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "राजा इसारललो मां रे? तू सांभाळलंस." एवढंच म्हणून गेला. मी ते मिळेल म्हणून वाजवलं नव्हतं, ते मिळालं. जर मी रोज रात्री तो म्हातारा कुठे दिसतो का म्हणून प्रेक्षकांत शोधत बसलो असतो तर राजा विसरला हे मलाच कळलं नसतं.

बाहेरच्या नावालौकिकाचं काय ते मी पेटीच्या उदाहरणावरनंच सांगतो. ही पेटी मुळात आपली नव्हेच, युरोपातून आली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला खाली बसून एका हाताने भाता मारायच्या रूपात आणलं, एकोणिसाव्या शतकात. मग १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली. कारण काय तर तिच्यातून मींड, म्हंजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, स्वर ठरलेल्या पट्ट्यांत अडकलेले, आपल्या गाण्याला ती शोभत नाही. ही बंदी १९७१ पर्यंत चालली आणि नंतरही अटी होत्याच. तीस वर्षं, म्हंजे माणसाची अख्खी उमेद जाते एवढा काळ. त्या काळात देशातल्या सगळ्यात मोठ्या ऐकवण्याच्या जागेचं दार पेटीला बंद होतं. आणि त्याच तीस वर्षांत आपल्या कोकणात देवळा-देवळात, चतुर्थीत, जत्रेत, कीर्तनात पेटी वाजत होती, माझे गुरुजी त्याच काळात शिकले. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्हाला वाईट नाही का वाटलं रेडिओवर पेटी नाही म्हणून. ते म्हणाले आमच्या वाडीत रेडिओच नव्हता. मला तेव्हा ते उत्तर साधं वाटलं, आता वाटतं की त्यांच्या वाजवण्याला लागणारं सगळं त्यांच्या वाडीतच होतं, माणसं होती, निमित्त होतं, वार होता.

तर आता करायचं काय ते. पहिली गोष्ट, बंदी घाल. तू देवगडचा, बंदराजवळ राहतोस, तुला मी काय सांगू, १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढतात, शाकारतात, आणि मग माणसं काय झोपा काढतात का, जाळी विणतात, मशीनं खोलतात, बोटीला रंग देतात. मासा वाढायला वेळ मिळतो आणि जाळं पण दुरुस्त होतं. दशावताराच्या कंपन्या पण पावसाळ्यात बंदच. तू पण तसे दोन महिने पाळ, गाणं टाकायचं नाही. कुठेच नाही, स्टेटसला सुद्धा नाही. बनवायचं मात्र रोज. आणि जुन्या ४१ गाण्यांचे आकडे पण बघायचे नाहीत, ते अॅप फोनवरून काढूनच टाक, नुसतं मनाशी ठरवून जमत नाही. पहिले पंधरा दिवस तुला फार चमत्कारिक वाटेल, एखादी ओळ चांगली झाली की हात लगेच टाकायला शिवशिवेल. तिथे थांबायचं आणि ती ओळ परत वाजवायची. सगळं औषध त्या परत वाजवण्यात आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या लॅपटॉपची. तू लिहिलंयस की तुझ्याकडे शेकडो आवाज आहेत, व्हायोलिन, ड्रम, कसले कसले पॅड, आणि रोज रात्री आवाज निवडण्यातच तास जातो. अरे तास जाणारच. दुकानात शंभर पंखे दाखवले तर गिऱ्हाईक पंखा न घेता घरी जातं हे तुला रोज दिसत असेल. तीन आवाज ठेव, बाकीचे दिसणार नाहीत असं कर. आणि पहिला आठवडा फक्त पाच स्वर घे, सा रे ग प ध. याच पाच स्वरांत भूप आहे आणि याच पाच स्वरांत देशकार. स्वर एकसुद्धा वेगळा नाही. भूपात गंधारावर, म्हंजे ग वर, येऊन विसावायचं, तो संध्याकाळ झाल्यानंतरचा राग, शांत, खालच्या अंगाला राहणारा. देशकारात धैवत, म्हंजे ध, धरायचा, वरच्या अंगात फिरायचं, आणि तो सकाळचा, उजेडाचा. थांबायची जागा बदलली की सगळं बदलतं. मला हे गुरुजींनी तेराव्या वर्षी दाखवलं आणि मला रात्री झोप लागली नाही, मी अंथरुणात छातीवर बोटं वाजवत होतो. तू संध्याकाळी पाच स्वर घेऊन एकदा गंधाराला घर कर, एकदा धैवताला घर कर, आणि काय होतं ते ऐक. हे ऐकायला कुठलाही व्ह्यू लागत नाही, आणि बाळा, हे ज्या दिवशी कानाला पहिल्यांदा लागतं ना, तो दिवस आयुष्यात एकदाच येतो, तो तुझा अजून यायचा असेल तर मला तुझा हेवा वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात ताल. तुझी मी ऐकलेली सगळी गाणी आठ मात्रांत आहेत, केरवा नाहीतर भजनी. त्यातलंच एक गाणं उचल आणि ते सात मात्रांच्या रूपकात बसवायचा प्रयत्न कर. बसणार नाही. शब्द सांडतील, श्वास चुकीच्या जागी येईल, आणि रूपकाची सम, म्हंजे पहिली मात्रा, टाळीची नसून खालीची, रिकामी असल्यामुळे तुला पहिल्यांदा तोल गेल्यासारखं होईल, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. मग एखादा शब्द बदलावा लागेल, एखादी ओळ लांबवावी लागेल. शेवटी ते गाणं कदाचित फेकूनच द्यावं लागेल. पण त्या चार संध्याकाळी तू एकदाही आकड्याचा विचार केला नसशील, कारण डोक्यात जागाच राहत नाही. मला आयुष्यात जेवढा आनंद मिळाला त्यातला बराचसा असा अडलेल्या जागी मिळालाय. ती मे महिन्यातली गजराची चाल मी सांगितली ना, जिची दुसरी ओळ खटकत होती, तिचं उत्तर मला विहिरीवर पाणी काढताना सापडलं, मी एक मात्रा आधी उचलत होतो एवढंच होतं. दोर हातात, कळशी अर्ध्यात, आणि मी तिथेच उभा राहून गुणगुणतोय. कॅसेटवर नाव दुसऱ्याचं लागलं, पण ती विहिरीवरची सकाळ त्या माणसाला कुठून मिळणार.

वेळेचं म्हणशील तर रोज पंचवीस मिनिटं, तीच जागा, तीच वेळ. तू रात्री साडेअकरा ते दोन बसतोस ते बंद कर, सकाळी दुकान आहे, थकलेल्या कानाला सगळंच वाईट लागतं आणि मग तू त्या थकव्याला नालायकी समजतोस. आणि उठताना काम पुरं करून उठू नकोस, ओळ अर्धी ठेवून ऊठ, म्हंजे दुसऱ्या दिवशी बसल्यावर काय करू हा प्रश्न येत नाही. काही दिवस मजा येणारच नाही, ते पण सांगून ठेवतो. अलंकार घासताना रोज कोणाला मजा येते, मला नाही येत. पण नुसता कंटाळा आणि जीव नको होणं यातला फरक ओळखता येतो. कंटाळा दहाव्या मिनिटाला विरतो, बोटं गरम झाली की. जीव नको झाला असेल तर पंचविसाव्या मिनिटाला पण तसाच असतो, मग त्या दिवशी पेटी बंद करून पुसून ठेवावी आणि किनाऱ्यावर चालायला जावं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ही तू माझ्याकडून हक्काने लिहून घे. तू चार वर्षं एकटा वाजवतोयस. संगीताचा निम्मा आनंद दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवण्यात असतो आणि तो तू चाखलेलाच नाहीस. तुझ्या वाडीत भजन मंडळ असणार, देवगड तालुक्यात भजन नाही अशी वाडी मला तरी माहीत नाही. तिथे जा आणि मागे बसून टाळ धर. गाऊ नकोस, चाली दाखवू नकोस, सहा महिने फक्त टाळ. रूपाचा अभंग चालू होतो, बुवा एक ओळ सोडतात, कोरस ती उचलतो, पखवाजवाला धुमेला, म्हंजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावून तयार असतो, आणि लय हळूहळू चढायला लागते. गजरात ती अशा जागी पोचते की तुझा टाळ तू वाजवतोयस की तो आपोआप वाजतोय हे कळत नाही, शेजारच्याचा खांदा तुझ्या खांद्याला लागलेला, घामाने शर्ट भिजलेला. मग एकदम सगळे एका समेवर थांबतात आणि देवळात एक क्षण काहीच ऐकू येत नाही, फक्त समईची वात. तिथे तुझा आवाज वेगळा ऐकू आला नाही म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. उलट ऐकू आला तर बुवा मागे वळून बघतात.

आचऱ्याची गावपळण तुला माहीतच असेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर, गुरंढोरं, कोंबड्या, म्हाताऱ्या माणसांसकट, माळावर झोपड्या घालून राहतात. मी एका गावपळणीला पाहुण्यांकडे दोन रात्री राहिलो होतो. संध्याकाळ झाली की एका झोपडीतून कोणीतरी टाळ काढला, दुसरीकडून पखवाज आला, बायकांनी एका बाजूला फुगड्या धरल्या. स्टेज नाही, माईक नाही, प्रेक्षकच नाही कारण सगळेच म्हणतायत. माझ्या शेजारी एक आजी बसली होती, दात नव्हते, ती प्रत्येक अभंगाचं फक्त शेवटचं अक्षर लांबवायची, पण बरोबर सुरात, आणि ते अक्षर संपलं की माझ्याकडे बघायची की पुढचं कधी. मला त्या रात्री वाजवताना जे सुख झालं ते मला कुठल्याही स्पर्धेत झालेलं नाही, आणि मी डबलबाऱ्या, म्हंजे दोन बुवांचे भजनाचे सामने, पण भरपूर केल्यात, समोर दोन हजार माणूस बसलेला असताना.

दोन महिने झाले की मग ऐकव, पण जगाला नाही, एका माणसाला. समोर बसवून, कानाला हेडफोन न देता, खोलीत मोठ्याने लावून. आणि "कसं वाटलं" विचारू नकोस, त्याला माणसं "बरा झाला" म्हणतात आणि चहा मागतात. "कुठली ओळ डोक्यात राहिली" असं विचार. ओळ सांगता आली तर ती ओळ चांगली आहे, तिच्यावर काम कर. नाही सांगता आली तर गाणं अजून कच्चं आहे, त्यात लाजायचं काही नाही. तुझी आई ऐकत असेल तर तिलाच विचार, स्वयंपाक करताना ती नकळत काय गुणगुणते ते लक्षात ठेव, त्याच्याएवढी खरी परीक्षा कुठलं अॅप घेऊ शकत नाही.

दुकान सोडायचं तू लिहिलंयस ते मात्र करू नकोस, निदान आत्ता तरी. पोट गाण्यावर टाकलं की गाण्याला पोटाचं ऐकावं लागतं. दशावतारातले माझ्या बरोबरचे लोक दिवसा भात लावायचे, कोणी होडीवर जायचे, कोणी रिक्षा चालवायचे आणि रात्री देव-राजे व्हायचे, त्यामुळे त्यांना पद कसं म्हणायचं हे कोणी शिकवायला येत नव्हतं. ज्यांना पूर्णवेळ करायचंय त्यांनी जरूर करावं, पण तुझ्या मनात आत्ता ते रागातून आलंय, आणि रागात काय होतं ते मी तुला कॉटखालच्या पेटीवरून सांगितलंच.

तू पाठवलेल्या तीन गाण्यांपैकी मी तिसरं सात-आठ वेळा ऐकलं, ते पावसाचं. अंतऱ्यात तू पंचमावरून कोमल निषादाला नुसता टेकून धैवतावर उतरतोस ती जागा मी पेटीवर काढली आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन पोरींना वाजवायला दिली, त्यातल्या लहान पोरीने ती पहिल्याच दिवशी उचलली. फक्त एक विचारायचं होतं. अंतऱ्यातून परत मुखड्यावर येताना तू एक मात्रा आधी उचलतोस, तिन्ही वेळा. ते मुद्दाम केलंयस का?